रिकामी बाटली

गेल्या जुलैतली गोष्ट. पाऊस नुकताच थांबला होता. ओल्या छत्र्या, फिनेल आणि जुनं सागवान यांचा मिळून जो एक वास आमच्या विभागाच्या जिन्यात पावसाळाभर असतो, तो भरून राहिला होता. एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आलेली ती मुलगी जिन्याच्या तळाशी व्हीलचेअरवर बसली होती आणि आमचे दोन शिपाईमामा, गेटवरचा वॉचमन आणि वर्गातला एक उंचापुरा मुलगा असे चौघं तिच्याभोवती उभे होते. "खुर्चीचे हात धरू नका मामा, ते निघून येतात. खालचा पाइप धरा," असं तिनं सांगितलं. आवाजात ना घाई, ना संकोच. ज्या गोष्टी रोज नव्या माणसाला नव्यानं सांगाव्या लागतात, त्या सांगतानाचा तो आवाज होता. वजन कमी व्हावं म्हणून तिनं खुर्चीच्या पाठीला अडकवलेली बॅग काढून माझ्याकडे दिली. चौघांनी एक-दोन-तीन म्हटलं, खुर्ची मागे कलली, तिचा चेहरा छताकडे झाला आणि तिनं डोळे मिटून घेतले. चौदा पायऱ्या, मधलं लँडिंग, तिथं चौघांचं दम खाणं, पुन्हा चौदा पायऱ्या. मी मागून बॅग घेऊन चालत होते. वर टेकल्यावर तिनं डोळे उघडले, ब्रेक लावला आणि चौघांना वेगवेगळं, प्रत्येकाकडे बघून थँक्यू म्हटलं.

बॅग परत देताना बाजूच्या खिशातली स्टीलची बाटली हाताला लागली. अगदी हलकी होती. "अगं, भरून आणू का? कूलर इथंच आहे," मी म्हटलं. "नको मॅडम, ती रिकामीच असते," ती म्हणाली. "आई देते म्हणून आणते."

मी बॅग दिली आणि तासाला गेले.

त्या वाक्याचा अर्थ मला संध्याकाळी घरी लागला, फिल्टरखाली तांब्या धरून उभी असताना. ती दहा वाजता यायची आणि साडेचारला जायची. साडेसहा तास. आमच्या इमारतीत बायकांचं स्वच्छतागृह जिन्याखाली आहे. आत शिरायला एक पायरी उतरावी लागते आणि दरवाजा इतका अरुंद आहे की मी खांद्याला पर्स अडकवून गेले तर पर्स चौकटीला घासते. तिथं व्हीलचेअर जाण्याचा प्रश्नच नव्हता. तळमजल्याच्या टोकाला आणखी एक दार आहे, त्यावर निळ्या रंगात व्हीलचेअरचं चित्र आणि खाली 'दिव्यांग' असं लिहिलेलं आहे. त्या दारामागे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मोडलेलं ओव्हरहेड प्रोजेक्टर, दोन झाडू आणि गणेशोत्सवाचं मखर आहे, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. मीच मागच्या एप्रिलमध्ये तिथं गठ्ठे ठेवायला सांगितले होते. म्हणजे ती मुलगी सकाळी उठल्यापासून पाणी मोजत होती. घरून निघायच्या दोन तास आधी शेवटचा घोट, मग घरी परत जाईपर्यंत काही नाही. जुलैत एक वेळ चालून जाईल. मार्चमध्ये, दुपारी दोनच्या तासाला, पंख्याखाली सगळा वर्ग बाटल्या तोंडाला लावून बसलेला असताना ती काय करणार होती?

नीट सांगायचं तर मला त्या दिवसापर्यंत आमच्या विभागाचा अभिमान होता. कुणी बाहेरचं आलं की मी सांगायची, आमच्याकडे लिफ्टची तशी अडचण आहे, पण आमची मुलं आणि मामा इतके चांगले आहेत की कुणाचं काही अडत नाही. आणि ते खोटंही नाही. आमचे थोरले मामा आता निवृत्तीला आलेत, गुडघ्याला पट्टा बांधून येतात, तरी तिची रिक्षा गेटात शिरली की हातातलं काम टाकून जिन्याशी येऊन उभे राहायचे. "ताईचं वजन काय हो मॅडम, कापसाचं पोतं," असं म्हणायचे. त्यांच्या त्या बोलण्यात माया होती आणि ती खरी होती. पण नंतर मी तिच्या थँक्यूंकडे लक्ष देऊ लागले. रिक्षावाल्याला एक, खुर्ची उघडून देणाऱ्याला एक, बाहेरच्या सात पायऱ्यांसाठी चार, आतल्या जिन्यासाठी चार, उतरताना पुन्हा तेवढेच. मधल्या सुट्टीत खाली जायचं झालं तर सगळं दुप्पट. त्यामुळे ती मधल्या सुट्टीत वर्गातच बसायची. जिला दिवसातून वीस वेळा आभार मानावे लागतात, तिला चिडायची सोय राहत नाही. एखाद्या दिवशी कंटाळा आला, कुणाचा हात नको तिथं लागला, उचलताना पाय भिंतीला आपटला, तरी वर पोचल्यावर हसायचंच. कारण उद्या पुन्हा हेच चौघं लागणार.

यावरून मला आमचे अण्णाकाका आठवले. खरं म्हणजे आठवले असं म्हणणं बरोबर नाही. त्या मिटलेल्या डोळ्यांपासून ते माझ्याबरोबरच होते.

अण्णाकाका बाबांचे मोठे भाऊ. गावात पोलिओचे थेंब यायच्या कितीतरी आधीचा काळ. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि दोन्ही पाय गेले. कऱ्हाडच्या आमच्या घरात ते दोन्ही हातांत स्लिपरा घालून, हातांवर अंग पेलत सरकत चालायचे. माजघरातून ओसरीवर येताना उंबऱ्याशी थांबून, आधी डावा हात पलीकडे टाकून, मग सगळं शरीर उचलून घ्यायची त्यांची एक लय होती आणि फरशीवर त्या स्लिपरांचा चटक-चटक असा आवाज यायचा. आम्ही मुलं त्या आवाजावरून काका कुठं आहेत ते ओळखायचो. गणित त्यांचं पक्कं होतं. मॅट्रिकला चांगले गुण मिळाले आणि घरच्यांनी हौसेनं कॉलेजात नाव घातलं. वर्ग पहिल्या मजल्यावर. बाबा त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान, पण अंगानं दणकट; ते रोज सकाळी काकांना पाठुंगळी घेऊन कॉलेजचा जिना चढायचे, बाकावर बसवायचे आणि मग आपल्या शाळेला पळायचे. हे अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी काका म्हणाले, माझं तिथं मन लागत नाही. पुढं ते घड्याळं दुरुस्त करायला शिकले, बाजारपेठेत टपरी टाकली, तीनचाकी हातसायकलवरून जाऊ-येऊ लागले आणि आयुष्यभर, कुणी शिक्षणाचा विषय काढला की डोळ्याला लावलेलं भिंग न काढता म्हणायचे, "मला शिकायचंच नव्हतं हो."

आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. ते गेल्यावर टपरीचा खण रिकामा करताना घड्याळांच्या सुट्या काट्यांच्या डबीखाली दोन गोष्टी सापडल्या. एक वर्तमानपत्राचं कात्रण होतं, कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्याबद्दलचं. सोळाव्या वर्षी पाय गेलेल्या आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करणाऱ्या नसीमादीदींचं नाव तेव्हा आमच्या भागात घरोघरी माहीत होतं. दुसरी होती कॉलेजची फी भरल्याची पावती, चार घड्या घातलेली, घड्यांवर फाटायला आलेली. मी ती बाबांना दाखवली. बाबा बराच वेळ ती हातात धरून बसले. म्हणाले, "अण्णाला पाठीवर न्यायला मला कधी जड वाटलं नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला कसं वाटतं ते मात्र मी विचारलं नाही."

पुढच्याच आठवड्यात मी तिला विचारलं. सरळ विचारता आलं नाही, आडून आडून सुरुवात केली. तिनंच मला सोडवलं. "मॅडम, उचलताना मी डोळे मिटते कारण मागं कललं की मला तोल माझ्या हातात वाटत नाही. पडले तर हातसुद्धा टेकता येणार नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "सगळे चांगले आहेत. पण मला कुणाच्या लक्षात न येता उशिरा यायचंय एकदा."

मी हसले नाही. वर्गात शेवटच्या बाकावर गुपचूप येऊन बसणं ही आम्हा बाकीच्यांना न मागता मिळालेली गोष्ट आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आता रॅम्पबद्दल सांगायला हवं, कारण आमच्याकडे रॅम्प आहे. इमारतीच्या डाव्या अंगाला, चकचकीत लाल ग्रॅनाइटचा, एका बाजूला स्टीलचा कठडा. वर जाळीचा सरकता दरवाजा आणि त्याला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन कुठं असेल ते सांगता येत नाही. एका शनिवारी दुपारी इमारत शांत झाल्यावर ती आणि मी टेप घेऊन तो मोजायला बसलो. माझ्याकडे शिवणकामाची टेप होती, तिच्याकडे फोनमधला कॅल्क्युलेटर. पायऱ्या सात, प्रत्येक १५ सेंटिमीटर, म्हणजे जोत्याची उंची १०५ सेंटिमीटर. व्हीलचेअरवरच्या माणसाला स्वतःच्या हातांनी चढता येईल असा उतार बारास एक असावा लागतो: एक सेंटिमीटर चढण्यासाठी बारा सेंटिमीटर लांबी. हे आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे आमच्या जोत्याला १२ मीटर ६० सेंटिमीटरचा रॅम्प हवा, आणि मध्ये दम घ्यायला सपाट जागा वेगळीच. आमचा रॅम्प भरला ४ मीटर १० सेंटिमीटर. तिनं भागाकार करून फोन माझ्यापुढं धरला. चारास एक एवढाही नाही. "हा सामान चढवायचा आहे," ती म्हणाली, "आणि पावसात सामानसुद्धा घसरेल." मग तिनं मला खुर्ची धरायला लावून उतरून दाखवलं. माझे दोन्ही पंजे ग्रॅनाइटवरून सरकले, खुर्चीचं सगळं वजन माझ्या मनगटांत आलं आणि त्या चार मीटरांत मला जी भीती वाटली ती अजून पोटात आहे. तिनं तेव्हाही डोळे मिटले होते.

आणि या रॅम्पचा फोटो मी काढला होता. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी चालू होती तेव्हा. त्या अर्जात दिव्यांगांसाठी अडथळामुक्त सोयी आहेत का, असा मुद्दा होता. त्याखाली रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह, फलक, आणि पुराव्याला जागेची नोंद असलेले फोटो जोडायचे. समितीत माझ्याकडे तो भाग होता. मी सकाळच्या सुरेख उन्हात रॅम्पचा फोटो काढला, निळं चित्र असलेल्या दाराचा काढला (दार न उघडता), आणि लिफ्टचा काढला. लिफ्ट नंतर जोडलेली, इमारतीला मागून चिकटवलेली. ती उघडते जिन्याच्या मधल्या लँडिंगवर. म्हणजे लिफ्टपर्यंत जायला चौदा पायऱ्या चढायच्या, किंवा चौदा उतरायच्या. पुस्तकांची खोकी वर न्यायला ती बरी पडते. मी अर्जात तिन्हींपुढं 'आहे' लिहिलं. त्या वेळी माझ्या मनात कसलीही लबाडी नव्हती. तिन्ही गोष्टी होत्याच. त्या वापरणारं माणूस तेवढं माझ्या डोळ्यापुढं नव्हतं.

हे कबूल करताना आणखीही एक कबूल करते. मला ही इमारत फार आवडते. काळ्या दगडाच्या त्या सात पायऱ्या मधोमध झिजून किंचित खोलगट झाल्या आहेत, कितीतरी पिढ्यांच्या पावलांनी. विद्यार्थिनी म्हणून मी पहिल्यांदा आले तेव्हा त्या खोलगटात पाऊल ठेवताना अंगावर शहारा आला होता. वाटलं होतं, आपणही आता यांतल्या एक. या पायऱ्यांच्या डोक्यावरून रॅम्प नेण्याचं नुसतं बोलणं निघालं तरी आमच्यातल्या काहींना इमारत विद्रूप होईल याची काळजी वाटते. मला ती काळजी कळते. पण आता त्या खोलगटाकडे बघताना हेही दिसतं की तो झिजवणाऱ्यांत कोण नव्हतं. अण्णाकाकांची पावलं कुठल्याच कॉलेजच्या पायरीवर उमटलेली नाहीत.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा मी त्यानंतर वाचला. आधी वाचायला हवा होता. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. उच्च शिक्षणातल्या राखीव जागा तीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर गेल्या. जून २०१७ मध्ये नियम आले आणि असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या असं ठरलं. ती मुदत कधीच उलटली. राजीव रतूडी नावाच्या, दृष्टी नसलेल्या गृहस्थांनी याच मागणीसाठी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१७च्या डिसेंबरात न्यायालयानं आदेश दिले. पुढं ते कुठवर पाळले गेले याची पाहणी झाली आणि ८ नोव्हेंबर २०२४ला, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, पुन्हा निकाल आला: कायदा 'केलंच पाहिजे' म्हणतो आणि नियम मात्र 'केलं तर बरं' अशा भाषेत आहेत, हे चालणार नाही, किमान काही मानकं सक्तीची करा. हा निकाल वाचताना मला आमचा रॅम्प दिसत होता. 'केलं तर बरं' हे दगडात आणि ग्रॅनाइटमध्ये बांधलं तर कसं दिसेल, ते मी टेपनं मोजलेलं होतं.

जागा आरक्षित आहे, मुलगी गुणवत्तेनं ती मिळवते, प्रवेशपत्र घरी येतं, बार्शीहून आई-वडील तिला मावशीकडे आणून सोडतात, आणि हे सगळं एका १५ सेंटिमीटरच्या दगडापाशी येऊन थांबतं.

सप्टेंबरात ती आठ दिवस आली नाही. फोन केला तर मावशीनं उचलला. लघवीच्या जागी संसर्ग, ताप, सलाइन. मावशी म्हणाली, "डॉक्टर म्हणतात पाणी पीत जा. मी घरी पाजते हो, पण दिवसभर तिथं..." आणि मग बाई एकदम अवघडून म्हणाली, "नाही, तुमचं कॉलेज चांगलंच आहे." त्या फोननंतर मी खुर्चीतून उठले, खाली गेले आणि निळ्या चित्राचं ते दार उघडायला लावलं. गठ्ठे मी आणि थोरल्या मामांनी मिळून बाहेर काढले. घाम, धूळ, उंदरांनी कुरतडलेल्या कडा, दोऱ्यांच्या गाठी. मखराचं थर्माकोल मोडलं. मागं भिंतीत आधाराला धरायची दांडी निघाली, प्लास्टिक कव्हरसुद्धा न काढलेली. मामा त्या दांडीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. "एवढं सगळं होतं होय इथं," ते म्हणाले. "आणि आपण पोरीला उचलत बसलो."

दार आत उघडत होतं, त्यामुळे खुर्ची आत गेली की ते लागत नसे. सुतारानं बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडेल असं करून दिलं. अर्ध्या दिवसाचं काम. पण ऑफिसनं सुरक्षेसाठी म्हणून कुलूप घातलं आणि किल्ली ठेवली हेडक्लार्ककडे. म्हणजे आता तिनं प्रत्येक वेळी भरल्या ऑफिसात जाऊन, दोन काकांसमोर, किल्ली मागायची. बाटली रिकामीच राहिली. मला हे समजायला आणखी दहा दिवस लागले, याचं आजही वाईट वाटतं. गेटाबाहेर पिंपळाखाली किल्लीवाला बसतो. त्याच्याकडून मी दुसरी किल्ली करून घेतली आणि तिच्या हातात ठेवली. तिनं ती ओळखपत्राच्या दोरीत ओवून गळ्यात अडकवली आणि थँक्यू म्हटलं नाही. मला बरं वाटलं.

दिवाळीनंतर त्यांच्या वर्गाचे तास तळमजल्यावर आले. खोली कोंदट आहे, रस्त्याचा आवाज येतो, एकदोन प्राध्यापकांना वरचा आपला जुना वर्ग सोडवत नव्हता. बाहेरच्या सात पायऱ्यांवर अजून रोज चार माणसं लागतातच. नव्या रॅम्पचा अर्ज तिनं स्वतः लिहिला, सगळ्या मापांसकट, आणि तो बांधकाम विभागात आहे. लिफ्टचं तर कुणी बोलतच नाही. पण तिच्या बाकावर आता बाटली उभी असते आणि तासाला मध्येच ती उचलून घटाघटा पिते. तेव्हा माझं बोलणं क्षणभर चुकतं.

विभागाचं ग्रंथालय मात्र वरच आहे आणि वर उचलून जायला ती आता नाही म्हणते. तिला हवी ती पुस्तकं मी आणून देते. मागच्या आठवड्यात चार आणली, तिनं यादीत लिहून दिली होती तीच. तिनं ती मांडीवर घेतली, उलटली-पालटली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगू? मला ही हवीच आहेत. पण यांच्या शेजारी कुठली आहेत ते बघायचं होतं." मी मोबाइल घेऊन वर गेले आणि त्या कपाटाच्या पाचही फळ्यांचे फोटो काढून आणले. तिनं ते मोठे करून, मान तिरकी करून, पुस्तकांच्या पाठी एकेक वाचायला सुरुवात केली. नखानं पडदा सरकवत होती. दुसऱ्या फळीशी थांबली, मागं गेली, पुन्हा पुढं आली. मग फोन माझ्याकडे वळवून म्हणाली, "हे निळं, उजवीकडून तिसरं, नाव पुसलंय त्याचं. कुठलं आहे?"

मी बघितलं नव्हतं. पुन्हा वर गेले.